चार पावलांपलीकडचं रडणं

आमच्या खिळ्यांच्या कारखान्यात त्याला सगळे दोनइंची म्हणायचे. माणूस सहा फूट उंच, शेडच्या मागच्या दारातून येताना मान वाकवणारा. पण आला त्या दिवसापासून दोन इंची खिळ्यांच्या यंत्रावर उभा होता, म्हणून दोनइंची. माझं यंत्र त्याच्या शेजारचं, चार इंची खिळ्यांचं, पण मला कुणी चारइंची म्हटलं नाही. मला काका म्हणत. मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, आणि त्याला हाताखाली घेऊन काम शिकवलं तेही मीच. पहिलं मूल व्हायच्या वेळी त्याने काय काय तयारी केली हे मी जवळून पाहिलं आहे. त्यातला निम्मा मूर्खपणा माझा होता, हे आधीच कबूल करतो.

खिळ्यांचं यंत्र असं असतं. एका बाजूने तारेचं भेंडोळं आत सरकतं, एका ठोक्यात खिळ्याचं डोकं होतं, दुसऱ्यात टोक छाटलं जातं आणि खिळा खाली टोपलीत पडतो. मिनिटाला तीनशे. अशी बावीस यंत्रं एका पत्र्याच्या छपराखाली. तिथे बोंब मारली तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही. म्हणून आमची बोलायची रीत निराळी होती. समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, आणि त्याने वळून पाहिलं की नुसते ओठ मोठे हलवून बोलायचं. आवाज काढायचाच नाही. तीन-चार महिन्यांत नवा माणूस ओठ वाचायला शिकायचा. मग शेडच्या या टोकाहून त्या टोकाला चावट विनोद चालायचे आणि मधोमध उभ्या असलेल्या साहेबाला त्यातलं अक्षरही कळायचं नाही. यातच आम्हाला मोठी मर्दुमकी वाटायची.

कानात घालायला रबरी बोळे मिळत, ते आमच्या खिशात असत. वर्षातून एकदा कान तपासणारा यायचा. डोक्यावर हेडफोन चढवून तो बारीक शिट्ट्या वाजवायचा, आणि शिट्टी ऐकू आली की आम्ही बटण दाबायचं. नापास होणाऱ्याला यंत्रावरून काढून पॅकिंगला धाडत, तिथे पगार कमी. मग आम्ही युक्ती काढली. शिट्टी वाजवताना तपासणाऱ्याचा उजवा खांदा जरासा उचलला जायचा. डोळे खांद्यावर ठेवायचे आणि बटण दाबायचं. ही युक्ती दोनइंचीला मी शिकवली. मी स्वतः पुढे नापास झालो, कारण माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि पॅकिंगला गेलो. तो मात्र दहा वर्षं दर वेळी पास. कागदोपत्री त्याच्याइतके चांगले कान अख्ख्या कारखान्यात कुणाचे नव्हते.

त्याची बायको वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची, आणि घरी आल्यावर तिला बोलायचं असायचं. दोनइंची हातातलं काम टाकून तिच्यासमोर बसायचा. ती हे मैत्रिणींना अभिमानाने सांगायची. बाकीच्यांचे नवरे मोबाईलमध्ये डोकं खुपसून हं हं करतात, आमचे हे मी बोलायला लागले की माझ्यावरून नजर हलवत नाहीत. हे मी त्यांच्या घरी चहा पिताना माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. ती बोलत होती, तो तिच्याकडे बघत होता, आणि मी कपात बघत होतो, कारण तो का बघतो ते मला माहीत होतं. मलाही समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय काही कळत नाही. पण नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला तोंड घालायचं, असं म्हणून मी गप्प बसलो.

तिला सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब वर जातोय, ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर तिला सक्तीची विश्रांती हवी. तिची आई नव्हती. त्याच्या आईचे गुडघे कामातून गेलेले, ती मोठ्या मुलाकडे दुसऱ्या गावी. तेव्हा दोघांनी ठरवलं की त्याने दीड महिना रजा घ्यायची. बायको दुपारी आतल्या खोलीत दार लावून झोपणार, आणि बाळ बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या पाळण्यात, त्याच्या भरवशावर. तो हौसेने हो म्हणाला. नवीन बापाला काय, सगळ्यालाच हो म्हणायची घाई असते.

त्यानंतर एका सोमवारी सकाळी बायको म्हणाली की भिंतीपलीकडचं बाळ काल दुपारभर रडत होतं, बिचाऱ्याचं पोट दुखत असेल. शेजाऱ्यांकडे दोन महिन्यांचा मुलगा होता. दोनइंची काल दुपारभर त्याच भिंतीला पाठ टेकून पेपर वाचत बसला होता. त्याला वाटलं बायको थट्टा करते आहे. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तो पॅकिंगला माझ्याकडे आला. पॅकिंगमध्ये यंत्रं नाहीत, तिथे माणसासारखं बोलता येतं. तरी तो आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलला.

"काका, शेजारचं पोर दोन महिने रडतंय म्हणे. मला एकदाही ऐकू आलं नाही."

मी म्हणालो, भिंत जाड असेल. तो म्हणाला, भिंत विटेची आहे, एकेरी. बायकोला पलीकडची वाटी पडलेली कळते.

त्या आठवड्यात त्याने कारखान्यातल्या माणसाला शोभेल असंच केलं, माप घेतलं. शेजारीण बाळाला घेऊन जिन्यात उभी असताना हा मुद्दाम रेंगाळला. बाळ लालबुंद होऊन रडत होतं. अगदी जवळ उभं राहिल्यावर त्याला काहीतरी बारीक, दूर कुठेतरी चाललेलं असावं तसं ऐकू येत होतं. एकेक पाऊल मागे सरकत त्याने पाहिलं. चौथ्या पावलापर्यंत आवाज होता. पाचव्याला बाळाचं तोंड तसंच उघडं, आणि आवाज नाही. घरी येऊन त्याने पाळण्याच्या जागेपासून गॅसच्या ओट्यापर्यंत पावलं मोजली. नऊ भरली, आणि मोरी त्याच्याही पुढे होती.

मी त्याला म्हटलं, सोपं आहे, पाळण्याच्या शेजारी बस. तो म्हणाला, किती वेळ? दूध तापवायला उठलो तर? डोळा लागला तर? त्याच्या खिशात हॉस्पिटलने दिलेलं पातळ पुस्तक होतं, पहिल्यांदा बाप होणाऱ्यांनी काय तयारी करावी त्याचं. ते वाचून वाचून त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. बाळाचं डोकं कसं धरावं, दुपटं कसं गुंडाळावं, ते त्याने तीन किलो खिळ्यांची पिशवी टॉवेलात बांधून पाठ केलं होतं. त्याची भीती दुसऱ्या पानात होती. रडणं हेच बाळाचं बोलणं, असं तिथे छापलं होतं, आणि पुढे भुकेचं रडणं कसं, दुखण्याचं कसं, दूध श्वासनलिकेत गेलं तर आधी कसं रडतं आणि मग कसं थांबतं, हे ओळीने दिलं होतं. त्या ओळीखाली त्याने पेन्सिलने रेघ मारली होती. ते थांबणं त्याला दिवसरात्र दिसायचं. आपण ओट्यापाशी उभे, पाठमोरे, दूध ढवळतोय, आणि मागे सगळं होऊन गेलेलं.

त्याला धीर द्यावा म्हणून मी माझ्या मुलीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही. मुलगी तीन वर्षांची असताना माझ्या लक्षात आलं की ती मला बाबा म्हणून हाक मारत नाही. आईला हाक मारायची, शेजाऱ्यांना मारायची, माझ्याकडे मात्र चालत यायची आणि सदरा ओढायची. हाक मारून उपयोग नाही हे तिला कळलं होतं, तिने कुणाकडे तक्रारही केली नव्हती. मला सांगायचं होतं ते हे, की बघ, पोरं शिकतात, निभावतं सगळं. त्याने ऐकलं ते दुसरंच.

"तीन वर्षांची होईपर्यंत ती काय करत होती, काका?"

तेव्हा माझी आई घरात होती, तिचे कान शाबूत होते. मी नाही, आईने मुलगी सांभाळली. दोनइंचीकडे तसं कुणी नव्हतं.

मग त्याची तयारी सुरू झाली. लोकांचे नवरे पाळण्याला रंग देतात, झबली आणतात. याने स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढून जिन्याखाली ठेवलं. कपाटाचा आरसा उतरवला आणि ओट्यासमोरच्या भिंतीवर असा तिरका बसवला की भांडी घासताना मान वर केली की पाळणा दिसावा. मोरीच्या दारात दुसरा छोटा आरसा. पाळण्याच्या कडेला एक दोरी बांधली, तिचं टोक आपल्या मनगटाला बांधून पाहिलं. बाळ हललं की दोरी ओढली जाईल असा हिशेब होता. पण वाऱ्याने पाळणा हलला तरी दोरी ओढली जायची, आणि बाळ नुसतं तोंड उघडून रडलं तर हलायचीच नाही.

बायको आधी हसली, मग वैतागली. दार काढलं तर फोडणीचा धूर सगळ्या घरात, मी झोपू कशी? तो म्हणाला, हवा खेळती राहायला हवी, पुस्तकात लिहिलंय. आरसे कशाला? घर मोठं दिसतं. ती मैत्रिणींना सांगायची की बाप होणार म्हणून डोकं फिरलंय, पण किती हौस आहे बघा. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी हा माणूस घर खिळखिळं करत होता. मी त्याला दोनदा म्हटलं, तिला सांगून टाक. दोन्ही वेळा त्याने तेच उत्तर दिलं, की तिला वाटतं मी तिच्यासाठी बघत बसतो. ते तिच्याकडून कसं काढून घेऊ?

आठव्या महिन्याच्या शेवटी एका शनिवारी दुपारी बायको मैत्रिणीबरोबर तपासणीला गेली, आणि त्याने मला घरी बोलावलं. परीक्षा घ्यायची होती. बॅटरीवर चालणारं गजराचं घड्याळ आम्ही दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं, सव्वातीनचा गजर लावला. तो ओट्याशी पाठमोरा उभा राहिला, नळ सोडून, म्हणजे खरोखर भांडी घासत असल्यासारखं. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, पाळण्याकडे पाठ करून. मी पंच. गजर झाला की मी मनगटावरच्या घड्याळात बघणार, आणि तो किती वेळात येतो ते मोजणार. पंच कुणाला नेमलंय याचा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. कारखान्यात दहा वर्षं जे एकमेकांपासून लपवावं लागत नाही, त्याचा विसर पडतो.

सव्वातीन झाले, तीन वीस झाले. तो हात पुसत आला, वाजलं का म्हणून विचारलं. मी म्हटलं नाही. वेळ चुकीची लागली असेल म्हणून आम्ही दुपटं न सोडता बोटाच्या टोकाने काटा पुढे केला आणि पुन्हा आपापल्या जागी गेलो. पुन्हा काही नाही. मग आम्ही ठरवलं की घड्याळ बिघडलंय. यंत्राचा बिघाड म्हटल्यावर आम्हा दोघांच्या अंगात उत्साह आला. स्क्रू ड्रायव्हर आणला, खिडकीत उजेडाला बसलो, आणि झाकण काढायला त्याने घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

तो तसाच थांबला. शेडमध्ये यंत्राच्या अंगावर तळहात ठेवला की आत काय चाललंय ते कळतं, ती सवय हातात मुरलेली असते. त्याने माझा हात ओढून घड्याळावर ठेवला. ते थरथरत होतं. ते वाजत होतं, आणि किती वेळ वाजत होतं देव जाणे.

मी मान वर केली तर दारात शेजारीण उभी. खांद्यावर तिचा मुलगा, त्याचं तोंड पूर्ण उघडं, नाक वाहतंय. ती काहीतरी बोलली, मग आमच्याकडे बघत आत आली आणि समोर उभी राहिली. तेव्हा मला तिचे ओठ दिसले. ती म्हणत होती की गजराने बाळ उठलंय, पाच मिनिटं दार बडवतेय, मग ढकललं तर उघडंच होतं. एवढं बोलून तिने दोनइंचीच्या मुठीतलं घड्याळ पाहिलं, पाळण्यातलं दुपटं पाहिलं, भिंतीवरचे आरसे पाहिले. बाई हुशार होती. तिने घड्याळाचा खटका बंद केला.

"वहिनींना माहीत आहे का, भाऊ?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. ती म्हणाली, आठ दिवस थांबते. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. तिचं मूल आहे, तिला कळायला हवं. ती हे रागाने बोलली नाही, आणि त्यामुळे आम्हाला जास्त भीती वाटली.

त्या आठ दिवसांत तो रोज पॅकिंगला येऊन आज सांगतो म्हणायचा. रोज संध्याकाळी बायको पाय वर करून बसायची, दिवसभराचं सांगायला लागायची, तो समोर बसायचा, आणि ती बोलता बोलता त्याच्या नजरेत बघून हसायची. मग त्याच्याने सांगवत नसे. सातव्या दिवशी त्याने एका कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद मला दाखवला, घडी करून खिशात घातला आणि यंत्रावर गेला.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोरमन धावत पॅकिंगमध्ये आला. शेजारणीचा फोन होता. बायकोचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, शेजारणीनेच रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलंय. दोनइंचीचा फोन कपाटात होता, त्यावर अकरा कॉल येऊन गेले होते. मी शेडमध्ये जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला, माझ्या ओठांकडे बघितलं, आणि यंत्र बंद न करताच निघाला. दहा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिला स्ट्रेचरवरून आत नेत होते. दाखल करताना तिला फिटचा झटका आला होता. डोळे अर्धे उघडे, पण ती कुणाकडे बघत नव्हती. तो स्ट्रेचरबरोबर चालत तिच्या तोंडाकडे वाकून बघत राहिला, ती काही म्हणेल म्हणून. ओठ हलत नव्हते. दार बंद झालं. घाईत तपासणीची फाइल घरीच राहिली होती, ती आणायला शेजारीण परत गेली होती. बाकावर आम्ही दोघेच.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोक्याला टोपी, तोंडावर मास्क. त्या त्याच्यासमोर उभ्या राहून काहीतरी बोलल्या. त्याला डोळे आणि भुवया दिसल्या, खाली हिरवं कापड हलताना दिसलं. त्याने मान डोलावली. आमच्या धंद्यातला हा जुना रोग आहे, कळलं नाही की मान डोलवायची. त्या आणखी काही बोलल्या. त्याने पुन्हा मान डोलावली. बाईंच्या भुवया वर गेल्या. जे विचारलं त्याचं उत्तर हो असं नव्हतंच, एवढं मलाही कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही मास्ककडे बघत होतो, आणि मलाही काही कळलं नव्हतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वळायला लागल्या.

त्याने त्यांची वाट अडवली. शेडमध्ये बोलतो तसं ओठांनी नाही, पूर्ण आवाज काढून बोलला. आवाजाचं माप त्याला कळत नाही, त्यामुळे तो फार मोठ्याने बोलला असावा, कारण पलीकडच्या बाकावरची माणसं दचकून वळली.

"मला ऐकू येत नाही. तुम्ही काय विचारलंत मला माहीत नाही. तोंड दाखवा."

बाईंनी चटकन मास्क खाली ओढला. त्या विचारत होत्या की हिला कुठल्या औषधाचा त्रास होतो का, आणि होत असेल तर कुठल्या. ती शुद्धीवर नाही, फाइल नाही, आम्ही थांबू शकत नाही. दोनइंचीने पेनिसिलिनचं नाव घेतलं. गेल्या वर्षी एका इंजेक्शनने तिचा गळा सुजला होता, तो तिला पाठीवर टाकून दवाखान्यात घेऊन गेला होता. बाईंनी एकदाच मान हलवली आणि आत पळाल्या. तो भिंतीला धरून खाली बसला. आपण दोनदा मान डोलावली, ही गोष्ट त्याच्या लक्षात तेव्हा आली.

मग वाट बघणं. आतल्या दारापासून आमचा बाक सहा-सात पावलांवर होता. त्याने दाराला टेकून बसायचं ठरवलं, पण कुणीतरी हाताला धरून बाजूला केलं. तो मला विचारत राहिला, रडलं का? मी सांगत राहिलो, नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी नाही म्हणतोय ते कशाच्या जोरावर. घड्याळ आमच्या मागे वाजत असतानाही मी नाहीच म्हणालो होतो. मी त्याला म्हटलं, मला विचारू नकोस, मला कळत नाही. वीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो, आणि ते कसं बोललो हे मला आठवत नाही.

शेजारीण फाइल घेऊन जिना चढत आली तेव्हा तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, वहिनी, दारापाशी उभ्या राहा. बाळ रडलं की मला सांगा. ती दाराला कान लावून उभी राहिली. आम्ही दोघे तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिचा चेहरा घट्ट होता. एकदा तिने डोळे मिटले, आणि दोनइंचीने माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस तिथे वळ होता. बराच वेळ काही नाही. तिने ओठ दाताखाली धरले. मला माझ्याच कानांचा इतका राग कधी आला नव्हता. ज्या खांद्याकडे बघून मी वर्षानुवर्षं बटण दाबलं, आणि दोनइंचीलाही बघायला शिकवलं, ते सगळं मला त्या पॅसेजमध्ये भोवलं.

मग तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, रडलं. तो म्हणाला, पुन्हा सांगा. ती म्हणाली, रडतंय भाऊ, चांगलं जोरात रडतंय.

मुलगी होती. बायको पूर्ण शुद्धीवर यायला दीड दिवस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, पाळणा पलंगाच्या पायथ्याशी होता, आणि दोनइंची पलंगाशेजारी स्टुलावर. शेजारणीने काही सांगितलं नव्हतं, तिने ते त्याच्यासाठी ठेवलं होतं. मी दारात थांबलो. तो बोलत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती, पण तिचा चेहरा मला दिसत होता, आणि तिचे ओठ मला वाचता येत होते. त्याने किती सांगितलं माहीत नाही. मग तिचे ओठ हलले.

"म्हणजे मी बोलताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. माझ्या तोंडाकडे बघत होतात."

त्याची मान हो म्हणून हलली. या वेळी त्याला प्रश्न कळला होता.

तिने हळूच, टाक्यांवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड केलं. मग ती बोलायला लागली. गालाचं हाड हलताना दिसत होतं, खांदे हलत होते, ती पुष्कळ बोलली. तो उठून पलंगाच्या पलीकडे जायला निघाला, पण पलंग भिंतीला लागून होता. तो तसाच मधे उभा राहिला. ती काय बोलली ते आजही त्याला माहीत नाही, मलाही नाही. तिने पुन्हा कधी ते सांगितलं नाही.

बोलता बोलता ती थांबली. तोंड भिंतीकडेच ठेवून तिने चादरीतून हात बाहेर काढला आणि बोटाने पायथ्याकडे दाखवलं. त्याला कळेना. तिने बोट पुन्हा, रागाने हलवलं. तो वळला. पाळण्यात मुलगी लालबुंद होऊन, मुठी आवळून रडत होती. तो पाळण्याजवळ गेला, पुस्तकात दाखवलं होतं तसा एक हात मानेखाली घातला आणि तिला उचललं.

बायको पुढचे चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. बोट मात्र तिने दर वेळी दाखवलं.